तुमचा विशेष लेख तुमच्या प्रश्नातच आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कंपनीत काम करणारे एक तरुण अभियंते आपल्या व्यावसायिक मंडळाच्या मासिकाला लेख पाठवतात. लेख छापून येतात, पण मागच्या पानांवर. पहिल्या पानावरचा 'विशेष लेख' म्हणून निवड एकदाही झालेली नाही आणि छापून आल्यावर कुणाचा फोनही येत नाही. त्यांनी विचारलंय : निवड व्हायला ओळख लागते का? इंग्रजी बेताचं असलं तर अडतं का? आणि आणखी भारदस्त विषय कुठला घ्यावा? बोलता बोलता त्यांनी एक वाक्य लिहून टाकलंय : "वाघोडियाच्या एका साइटवर अख्खा पावसाळा ब्रीदरमधलं जेल निळंच राहिलं आणि तरी तेलातला ओलावा वाढला. असले अनुभव आमच्याकडे रोजचेच, पण त्याचा काय लेख होणार?" (ब्रीदर म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरणारी हवा कोरडी करणारी जेलची डबी; जेल कोरडं असताना निळं असतं, ओलावा शोषला की गुलाबी होतं.)

त्याचाच लेख होणार. मी बरीच वर्षं बडोद्यात ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमध्ये काढली आणि त्यातली काही वर्षं अशाच एका मंडळाच्या मासिकासाठी लेख निवडणाऱ्या समितीवर होतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची खरी अडचण प्रसिद्धीची नाही. पुस्तकात जे आहे ते तुम्ही लेखात लिहिता आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं गप्पांसाठी ठेवता. हे उलटं झालं की बाकीचे निम्मे प्रश्न मागे पडतात.

काही गोष्टी मासिकागणिक बदलतात, त्या आधी सांगून टाकतो. काही ठिकाणी एकच संपादक निवड करतो, काही ठिकाणी समिती. काही मासिकं वर्षभराचे विषय आधीच जाहीर करतात आणि त्या महिन्याच्या विषयात न बसणारा चांगला लेखही मागे राहतो. काही ठिकाणी पहिली पानं जाहिरातदारांच्या लेखांना जातात, तिथे तुमच्या हातात फारसं काही नसतं. म्हणून मागच्या वर्षभराचे अंक घेऊन बसा आणि फक्त विशेष लेख वाचा. कोण लिहितं, किती लांब लिहितं, आकडे किती असतात, लेखक कारखान्यातले आहेत की कॉलेजातले, हे एका संध्याकाळी कळतं. मी पुढे जे लिहितोय ते लेखाच्या गुणावर निवड करणाऱ्या मासिकांबद्दल आहे, आणि आपल्या क्षेत्रात ती पुष्कळ आहेत.

आता समितीच्या बाजूनं पाहा. आम्ही सगळे नोकरीतले किंवा निवृत्त अभियंते. दिवसभराचं काम उरकून रात्री जेवणानंतर लेखांचा गठ्ठा उघडायचा. त्यात 'ट्रान्सफॉर्मर तेलाच्या देखभालीचे महत्त्व' या जातीचे लेख इतके यायचे की नावं झाकली असती तर कुणाचा कुठला हे सांगता आलं नसतं. ते चुकीचे नसायचे. तेलाच्या देखभालीच्या आयएस १८६६ या भारतीय मानकात जे दिलंय तेच थोड्या वेगळ्या शब्दांत लिहिलेलं असायचं. असा लेख नाकारायला कारण सापडत नाही आणि पुढे करायलाही सापडत नाही, मग तो मागच्या पानांवर जातो. तुमच्या लेखांचं हेच होत असणार, असा माझा अंदाज आहे.

विशेष लेख निवडताना समितीच्या मनात दोन प्रश्न असतात. हा वाचून एखादा साइट इंजिनिअर उद्या सकाळी काहीतरी वेगळं तपासेल का? आणि उद्या कुणी फोन करून "हे कशावरून?" असं विचारलं तर आपल्याकडे उत्तर आहे का? पहिल्या प्रश्नाकडे बहुतेक लेखकांचं लक्ष असतं. दुसऱ्याकडे जवळपास कुणाचंच नसतं, आणि निवड बहुधा तिथेच अडते.

तुमचंच उदाहरण घेऊन दोन्ही प्रश्न सोडवू या.

लोड वाढला की तेल तापून फुगतं, कमी झाला की आकसतं, आणि कन्झर्वेटरमधली, म्हणजे वरच्या तेलाच्या टाकीतली, हवा ब्रीदरमधून आत-बाहेर करते. आत येणारी हवा आधी खालच्या तेलाच्या वाटीतून आणि मग जेलमधून जाते, म्हणून जेल खालून वर गुलाबी होत जातं. हे सगळ्यांना माहीत आहे. यावरून साइटवर सर्रास एक निष्कर्ष काढला जातो : जेल निळं म्हणजे सगळं ठीक. तुमचा अनुभव नेमका या समजुतीला धक्का देतो. गुजरातच्या पावसाळ्यात, दमट हवा आणि रोज वरखाली होणारा लोड असताना जेलचा रंग जराही बदलत नसेल, तर शंका यायलाच हवी की हवा ब्रीदरमधून जातच नाहीये. वाट कुठेतरी बंद असेल. नवा ब्रीदर लावताना वाहतुकीसाठी बसवलेलं सील काढायचं राहून गेलं असेल. किंवा कन्झर्वेटरच्या झाकणाचं गॅस्केट, नाहीतर पाइपचा एखादा जोड गळका असेल आणि कोरडी न होताच हवा तिथून आत शिरत असेल. याची जोडगोळी म्हणजे वरून गुलाबी होणारं जेल : तिथे गळती ब्रीदरच्या वरच्या अंगाला शोधायची. निळ्या रंगावर समाधान मानून पुढच्या ट्रान्सफॉर्मरकडे वळणाऱ्या माणसाला हे वाचून थांबावंसं वाटेल. लोड बदलत असताना तो वाटीतल्या तेलात बुडबुडे येतात का, हे पाहील. पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं.

आता दुसरा, म्हणजे "कशावरून?" तुम्ही लिहिलंत की तेलातला ओलावा वाढला. माझ्यासारखा वाचक लगेच विचारेल, नमुना घेताना तेलाचं तापमान किती होतं? ट्रान्सफॉर्मरमधलं बहुतेक पाणी तेलात नसतं, कागदात असतं. तापमान चढलं की ते कागदातून तेलात येतं आणि उतरलं की परत जातं. कागदातल्या पाण्यात काहीही फरक नसताना थंडीतल्या सकाळचा पीपीएमचा (दशलक्ष भाग तेलात पाण्याचे किती भाग, याचा) आकडा आणि लोडवर तापलेल्या दुपारचा आकडा यांत मोठी तफावत पडू शकते. तापमान न लिहिता दिलेला पीपीएम जाणकाराच्या लेखी बिनकामाचा. असा लेख हातात आला की समितीतला कुणीतरी म्हणतो, "लेखकाला विचारून घेऊ." मग फोन लागत नाही, अंक छपाईला जातो आणि लेख पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. तिथून तो क्वचितच पुढे सरकतो.

म्हणून लेखात एक छोटा तक्ता द्या : नमुन्याचा महिना, तेलाचं तापमान, त्या वेळचा लोड, कार्ल फिशर पद्धतीनं काढलेला ओलावा, बीडीव्ही (तेल किती व्होल्टेजपर्यंत टिकतं तो आकडा). दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे एकाखाली एक लिहा. नमुना कुठल्या व्हॉल्व्हमधून घेतला, आधी थोडं तेल सोडून दिलं का, त्या दिवशी पाऊस होता का, हे दोन ओळींत. कन्झर्वेटरमध्ये रबरी एअर सेल (हवा तेलाला लागू न देणारी पिशवी) आहे की नाही, हे तर सांगायलाच हवं, कारण एअर सेल असेल तर ब्रीदर त्या सेलला जोडलेला असतो आणि तुमचा सगळा युक्तिवाद बदलतो. ओलावा वाढण्याचं दुसरं कारणही वाचकाच्या मनात येणार : जुना कागद झिजताना स्वतःच पाणी सोडतो. ते कारण तुम्ही कशावरून बाजूला ठेवलंत? गॅस्केट बदलल्यावर, तेल फिल्टर केल्यावर आणि पुढचा पावसाळा गेल्यावर आकडा स्थिर राहिला का? राहिला असेल तर तुमची बाजू भक्कम होते. अजून पाहिलं नसेल तर तसं सरळ लिहा. "हा निष्कर्ष एका ट्रान्सफॉर्मरवरून काढलेला आहे, एअर सेल नसलेल्या कन्झर्वेटरपुरता आहे" असं वाक्य लेखात दिसलं की समितीचा जीव भांड्यात पडतो. आपली मर्यादा सांगणाऱ्या लेखकावर विश्वास बसतो, आणि विश्वास बसल्याशिवाय पहिलं पान कुणी देत नाही.

शीर्षक आणि पहिला परिच्छेद या पोरकट गोष्टी समजू नका. वाचक आता फोनवर वाचतो, तेही शिफ्ट बदलताना किंवा साइटवर गाडीची वाट पाहताना. 'ट्रान्सफॉर्मर तेलाच्या देखभालीचे महत्त्व' या शीर्षकात त्याला नवीन काही मिळणार असल्याची खूण नाही. 'जेल निळं, तरी तेल ओलं : ब्रीदर श्वास घेतोय का ते कसं तपासावं' या शीर्षकात ती आहे, आणि दावाही फुगवलेला नाही. 'ब्रीदरबद्दलचं धक्कादायक सत्य' असलं काही लिहू नका. आपल्या व्यवसायातली माणसं अशा शीर्षकाचा लेख उघडतच नाहीत, आणि लेखकाचं नाव लक्षात ठेवतात ते वेगळ्या कारणासाठी.

सुरुवात कशी असावी, ते दाखवतो. तुमच्या जुन्या लेखाची बहुधा अशी असेल :

"विद्युत वितरण व्यवस्थेत ट्रान्सफॉर्मर हा अत्यंत महत्त्वाचा घटक आहे. त्याच्या दीर्घायुष्यासाठी तेलाची योग्य निगा राखणे गरजेचे आहे."

त्याऐवजी :

"सप्टेंबरअखेर एका कारखान्यातल्या ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधलं सिलिका जेल वरपासून खालपर्यंत निळं होतं. देखभालीच्या नोंदवहीत जूनपासून 'ठीक' अशीच नोंद होती. त्या दिवशीच्या तेलाच्या नमुन्यात मात्र, जवळपास त्याच तापमानाला, ओलावा जूनपेक्षा स्पष्ट वाढलेला निघाला. आम्ही ब्रीदर सोडून कन्झर्वेटरच्या झाकणाकडे वळलो."

पुढे काय सापडलं ते तुम्हालाच माहीत आहे, मी इथे केवळ नमुना केलाय. पण एवढ्यावर वाचक थांबत नाही, खाली सरकतो. कारण कळेपर्यंत फार ताणू नका, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात सांगून टाका. मग तपासणीची पद्धत सावकाश येऊ द्या. सगळं मिळून हजार-बाराशे शब्दांत बसवा. ब्रीदरचा इतिहास आणि तेलाचे सगळे गुणधर्म यांना इथे जागा नाही.

चित्राबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण त्याची ताकद लोकांना कळत नाही. तेलात विरघळलेल्या वायूंवरून बिघाड ओळखण्याच्या पद्धती अनेक आहेत, पण साइटवरच्या माणसाच्या तोंडी पहिलं नाव येतं ते डुवाल त्रिकोणाचं. कॅनडातल्या हायड्रो-क्यूबेकच्या मिशेल डुवाल यांनी १९७०च्या दशकात मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन या तीन वायूंचं परस्पर प्रमाण एका त्रिकोणात मांडलं. तिन्ही टक्केवाऱ्या घ्यायच्या, बिंदू काढायचा, तो कुठल्या भागात पडला ते पाहायचं. पद्धतीमागे तपासून पाहिलेल्या बिघाडांचा पाया होता, म्हणून ती टिकली. पण ती जगभर हातोहात गेली यात त्या एका आकृतीचा वाटा फार मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या लेखात एवढं मोठं काही करायचं नाही. कन्झर्वेटर, पाइप, ब्रीदर आणि हवेची वाट दाखवणारी एक हातानं काढलेली रेघांची आकृती द्या : हवा जायला हवी होती ती वाट एका रेघेनं आणि प्रत्यक्षात जात होती ती तुटक रेघेनं. ही आकृती लोक फोनमध्ये जपून ठेवतील आणि आपल्या टेक्निशियनला दाखवतील. कळत नकळत तुमचा लेख असाच फिरतो. कंपनीच्या माहितीपत्रकातली चकचकीत चित्रं मात्र घालू नका, त्यानं लेखाला जाहिरातीचा वास येतो.

वेळ साधणं हाही कसबाचा भाग आहे. ब्रीदरचा लेख दिवाळीत छापून आला तर छान म्हणून बाजूला पडेल, पावसाळ्याच्या तोंडावर आला तर त्याच आठवड्यात वापरला जाईल. जूनच्या अंकात हवा असेल तर एप्रिलमध्ये समितीच्या हाती पडू द्या, कारण अंक महिनाभर आधीच ठरत आलेला असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोदा शहरात शिरलं, तेव्हा पाण्याखाली गेलेली पॅनल आणि मोटारी परत चालू करण्याआधी काय सुकवायचं, मेगरनं (इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्रानं) काय मोजायचं, घाई कुठे करायची नाही, हेच प्रत्येकाला हवं होतं. अशा वेळी आधीच नीट लिहून ठेवलेले दोन पानी टिपण एखाद्या प्रबंधापेक्षा जास्त उपयोगी पडतं. तुमच्या कामात दरवर्षी परत येणारे असे प्रसंग असतील, त्यांची टिपणं आत्तापासून करून ठेवा.

ओळखीबद्दल. ओळखीनं लेख लवकर उघडला जातो हे खरं आहे, निवडला जातो असं मी फारसं पाहिलं नाही. पण ही ओळख मिळवण्याचा सरळ रस्ता आहे आणि तो कुणालाही मोकळा आहे. दुसऱ्याचा लेख वाचला की त्याला चार ओळी लिहा. "लेख आवडला" एवढंच नको. "आमच्याकडे अशाच बिघाडात इथिलीन आधी वाढलं, तुमच्याकडे हायड्रोजन आधी दिसला का?" असं काहीतरी कामाचं विचारा, आपला आकडा द्या. मंडळाच्या व्याख्यानाला गेलात तर शेवटी एक नेमका प्रश्न विचारा. समितीतली माणसं अशी नावं लक्षात ठेवतात. एक तरुण मुलगा वर्षभर केवळ इतरांच्या लेखांवर प्रश्न पाठवत होता. त्याचा पहिला लेख आला तेव्हा आमच्यापैकी तिघांनी तो गठ्ठ्यातून शोधून आधी वाचायला घेतला. आपले लेख तेवढे पाठवायचे आणि दुसऱ्याच्या कामाकडे ढुंकूनही पाहायचं नाही, अशा माणसाला हा फायदा मिळत नाही, आणि मिळूही नये.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. बडोद्यात १९१२ साली 'लायब्ररी मिसेलनी' हे ग्रंथालयांचं व्यावसायिक नियतकालिक निघालं, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होतं. कामाचं ज्ञान कामाच्या माणसाच्या भाषेत पोचलं पाहिजे, ही जाण या शहरात जुनी आहे. तुमच्या मासिकाला इंग्रजीच हवं असेल तर आधी सगळा लेख मराठीत, दांडिया बाजारातल्या मित्राला सांगितल्यासारखा लिहून काढा. मग छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजी करा आणि एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या. भाषा समिती आनंदानं दुरुस्त करते. न लिहिलेलं तेलाचं तापमान तिला दुरुस्त करता येत नाही.

लेख विशेष म्हणून आला तर पुढचा महिना मोकळा ठेवा. फोन येतील, त्यातले काही तुम्हाला खोटं पाडायला येतील. कुणी म्हणेल, आमच्याकडे जेल निळं होतं आणि तेलही कोरडं होतं. वाद घालू नका, त्यांच्या लोडची, ट्रान्सफॉर्मरच्या रचनेची, जेलच्या प्रकाराची माहिती विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी आता कोबाल्ट नसलेलं नारिंगी जेल वापरतात, त्याचा रंगबदल वेगळा असतो. हे सगळं गोळा झालं की दुसरा लेख तुमच्या हातात आयता येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार असतो, कारण त्यात एकाऐवजी सात-आठ साइटींचा अनुभव असतो. नाही निवडला गेला, तर संपादकांना एवढंच विचारा : काय कमी पडलं? बहुतेक जण खरं सांगतात.

लिहायला बसण्याआधी मात्र परवानगीचं काम हातात घ्या. आकडे ग्राहकाच्या यंत्राचे आहेत, तुमचे नाहीत. तुमच्या वरिष्ठांना आणि ग्राहकाच्या देखभाल विभागाला लेखी विचारा, कारखान्याचं नाव येणार नाही हे सांगा, आणि छापण्याआधी मसुदा दाखवायची तयारी ठेवा. फोटोतून नेमप्लेट कापून टाका, कारण अनुक्रमांकावरून जाणकाराला मालक कळतो. गाव, नेमकी तारीख आणि उत्पादकाचं नाव गाळलं तरी लेखाचं काही बिघडत नाही. 'एअर सेल नसलेला, कारखान्यातला, इतक्या वर्षांचा' एवढं पुरतं. ग्राहक नाही म्हणाला तर हा लेख सोडा आणि दुसऱ्या साइटचा घ्या. तुम्हीच लिहिलंय की असले अनुभव रोजचे आहेत. परवानगीचं पत्र यायला महिना-दीड महिना सहज जातो, तेव्हा पुढच्या जूनचा अंक गाठायचा असेल तर ते पत्र फेब्रुवारीतच टाका.